पहिलं सिझर कोणाचं आणि कशासाठी? आकड्यांच्या मागचं बोलूया

चैत्रगौर

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या तीन फेऱ्या शेजारीशेजारी ठेवून बघितल्या. २००५-०६ मध्ये देशात शंभरातली साधारण साडेआठ बाळं सिझरने जन्मली होती. २०१५-१६ मध्ये १७.२, आणि २०१९-२१ मध्ये २१.५. पंधरा वर्षांत अडीचपट. शेवटच्या दोन फेऱ्यांमध्ये महाराष्ट्र २०.१ वरून २५.४ वर गेला. २०१९-२१ मध्ये गोवा ३९.५ वर होता, तमिळनाडू ४४.९ वर आणि तेलंगणा तब्बल ६०.७ वर. दुसऱ्या टोकाला नागालँड ५.२, बिहार ९.७.

सिझर वाईट आणि नॉर्मल चांगलं, असा वाद मला इथे घालायचा नाही. वार (प्लासेंटा) खाली गर्भपिशवीच्या तोंडाशी असेल, बाळ आडवं असेल, बाळाच्या हृदयाचे ठोके खरोखर कमी होत असतील तर सिझर दोन जीव वाचवतं. एकेकाळी अशा बायका बाळंतपणातच जायच्या आणि घरोघरी त्याची आठवण असायची. मला बोलायचंय ते वेगळं आहे.

त्याच २०१९-२१ च्या फेरीत खाजगी दवाखान्यांत देशभरात ४७.४ टक्के सिझर, सरकारीत १४.३. आता कुणी म्हणेल, खाजगीत जाणाऱ्या बायका वयाने मोठ्या, वजनाने जास्त, काहींना टेस्ट ट्यूबने जुळं राहिलेलं, त्यामुळे फरक पडणारच. पडेल, मान्य. पण पश्चिम बंगालमध्ये खाजगीत ८२.७ आणि सरकारीत २२.९ आहे. दहातल्या आठ बायकांना आपलं मूल आपल्या जोरावर जन्माला घालता येत नाही, असं कोणतंही वैद्यकशास्त्र सांगत नाही. आणि बिहारच्या सरकारी दवाखान्यांत ३.६ टक्के! त्या ३.६ च्या बाहेर अशा बायका राहिल्यात, ज्यांना सिझर हवं होतं आणि मिळालं नाही. पैशाच्या अंगाने बघितलं तर सगळ्यांत गरीब कुटुंबांत हे प्रमाण साधारण ७ टक्के आणि सगळ्यांत श्रीमंतांत ३९ च्या आसपास. म्हणजे एकाच देशात गरज नसलेल्यांना भरपूर आणि गरज असलेल्यांना दुर्मीळ.

जोखमीच्या गोष्टी खरंच वाढल्यात, हे नाकारून चालणार नाही. पहिलटकरणीचं वय वाढलंय, गरोदरपणातला मधुमेह आणि बीपी वाढलंय, वजनं वाढलीत. पण शरीरं पंधरा वर्षांत अडीचपट बिघडत नाहीत. बाकीचं कुठून आलं?

मला वाटतं, सगळ्यांत मोठा प्रश्न पहिल्या सिझरचा आहे. पहिलं सिझर झालं की आपल्याकडे दुसरं जवळजवळ ठरलेलंच. आज विनाकारण झालेलं एक सिझर तीन-चार वर्षांनी आणखी एक सिझर घेऊन येतं आणि तेव्हा त्याला 'आधीचं सिझर' हे अगदी रास्त कारण असतं. म्हणून नुसता एकूण टक्का विचारण्याऐवजी असं विचारायला हवं: पहिलटकरीण, एकच बाळ, डोकं खाली, दिवस पूर्ण भरलेले, कळा आपोआप सुरू झालेल्या, अशा बायकांपैकी किती जणींचं सिझर झालं? प्रसूतितज्ज्ञ मायकेल रॉब्सन यांनी २००१ मध्ये मांडलेल्या दहा गटांच्या पद्धतीत हा पहिलाच गट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ पासून हीच पद्धत वापरायला सांगितलीय.

सिझर १० ते १५ टक्क्यांच्या वर नसावं, हा जागतिक आरोग्य संघटनेचा नेहमी सांगितला जाणारा आकडा १९८५ चा आहे आणि तो एका दवाखान्यासाठी नाही, तर सगळ्या लोकसंख्येसाठी होता. ससूनसारख्या ठिकाणी आजूबाजूच्या जिल्ह्यांतल्या गुंतागुंतीच्या केसेस येतात, तिथे तो लावणं अन्यायाचं. २०१५ मध्ये संघटनेनेच सांगितलं की १० टक्क्यांच्या वर गेल्याने माता-बालमृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत, पण ठरावीक आकडा गाठण्यापेक्षा गरज असलेल्या प्रत्येकीला सिझर मिळणं महत्त्वाचं.

इथे डॉक्टर, सिस्टर, आया, आज्या सगळ्या आहेत. आपापल्या ठिकाणी काय दिसतं ते लिहा. दवाखान्यांची नावं मात्र नकोत.

निर्मला_सिकंदराबाद

तेलंगणाचं सांगते, इथे वीस वर्षांहून जास्त राहतेय. खाजगीत ८१.५ आहे हे तर ऐकलंच असेल, पण सरकारीतही ४४.५ आहे. त्यामुळे 'सगळा पैशाचा खेळ' एवढंच उत्तर इथे पुरत नाही. २०१७ मध्ये केसीआर किट योजना आली, सरकारी दवाखान्यात बाळंत झाल्यावर पैसे आणि बाळाचं सामान मिळायला लागलं, तशा बायका सरकारीकडे वळल्या. हे चांगलंच झालं. पण त्यांतल्या कितीतरी जणींचं पहिलं सिझर आधीच झालेलं होतं. तुम्ही म्हणता तेच.

दुसरं कारण मुहूर्त. इथे हे उघडपणे चालतं. माझ्या जावेच्या सुनेच्या वेळी मी सोबत होते. काउंटरवर सासरच्यांनी फाइलसोबत पंतुलुंनी (पुरोहितांनी) लिहून दिलेली चिठ्ठी दिली, तारीख आणि वेळ, 'या बारा मिनिटांत बाळ बाहेर आलं पाहिजे'. काउंटरवरच्या मुलीने ती चिठ्ठी फाइलला स्टेपल केली, जसं आधार कार्डाची झेरॉक्स लावतात तशी. दिवस भरायला अजून अवकाश होता. बाळाला दोन दिवस काचेत ठेवावं लागलं, कारण फुप्फुसं तयार नव्हती. मुहूर्त साधला म्हणून घरचे खूश होते. मला आजही राग येतो.

करीमनगरला २०१७ मध्ये सरकारी परिचारिकांना मिडवाइफचं (प्रशिक्षित सुईणीचं) वेगळं प्रशिक्षण द्यायला सुरुवात झाली. तेवढा एक भाग आशेचा वाटतो.

सातपुड्याचा_मास्तर

वरचं सगळं वाचलं. आमच्या धडगाव-अक्कलकुव्याकडे हा प्रश्न उलटा आहे. पाड्यावरून बाईला बांबूच्या झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणतात. मग गाडी, मग ग्रामीण रुग्णालय. तिथे ओटी (ऑपरेशन थिएटर) असते, पण भूल द्यायला माणूस नसतो. मग घाट उतरून शहाद्यामार्गे नंदुरबार. तोवर अडलेलं बाळ अडलेलंच.

'सिझर कमी करा' असं वरून फर्मान निघालं तर पहिली कात्री आमच्याच बायकांना लागेल. शहरातल्यांनी बोलताना हे लक्षात ठेवावं एवढीच विनंती.

डॉ_शुभदा

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, तालुक्याच्या गावी स्वतःचं छोटं हॉस्पिटल चालवते. धागा चांगला आहे म्हणून सविस्तर लिहिते.

पैसा हे कारण आहेच. आमच्या व्यवसायात सिझरवर इमले बांधणारे लोक आहेत आणि त्यांच्याबद्दल मला काहीही सहानुभूती नाही. पण माझ्यासारख्या एकट्या डॉक्टरकडे निर्णय कसा होतो ते बघा. संध्याकाळचे सात वाजलेत. पहिलटकरीण आहे, कळा रेंगाळल्यात, बाळाचे ठोके व्यवस्थित आहेत. शास्त्र म्हणतं, थांबा. गावात भूलतज्ज्ञ एकच आणि ते चार ओट्या सांभाळतात. रक्तपेढी जिल्ह्याला. रात्री दोनला ठोके पडले तर अर्ध्या तासात बाळ बाहेर काढायची सोय कुठे आहे? शिवाय दारात वीस नातेवाईक, आणि काही कमीजास्त झालं तर काचा फुटणार. अशा वेळी सात वाजताच संमतीपत्रावर सही घेतली जाते. कागदावर कारण लिहिलं जातं, 'कळा पुढे सरकत नाहीत'. खरं कारण असतं, 'मध्यरात्री मदतीला कुणी नाही'.

१९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांना ग्राहक कायद्याखाली आणलं, ते योग्यच होतं. पण सिझर केलं म्हणून फारसं कुणी कोर्टात जात नाही. का केलं नाही म्हणून जातात. याचा हातावर परिणाम होतोच.

आता शास्त्राचा भाग. १९५० च्या दशकात डॉ. फ्रीडमन यांनी कळांचा आलेख मांडला आणि पुढे गर्भपिशवीचं तोंड तासाला एक सेंटिमीटर उघडलं पाहिजे हा नियम जगभर रुळला. आमच्या पिढीला तोच शिकवला. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलं की खऱ्या जोमाच्या कळा ५ सेंटिमीटरपासून धरायच्या, आणि तासाला एक सेंटिमीटर ही अपेक्षा बऱ्याच निरोगी बायकांच्या बाबतीत अवास्तव आहे. म्हणजे चार सेंटिमीटरवर 'अडकलं' म्हणून जी सिझरं झाली, त्यांतल्या अनेक बायका मुळात अडकलेल्या नव्हत्याच. त्यांचं बाळंतपण अजून नीट सुरूच झालं नव्हतं.

घरोघरी ऐकू येणारी दोन कारणं बघू. 'नाळ गळ्याभोवती होती.' दिवस भरलेल्या बाळांपैकी पाव भागाच्या आसपास बाळांना नाळेचा वेढा असतो आणि बहुतेक जन्मताना आरामात निघतात. नुसता सोनोग्राफीत वेढा दिसणं हे सिझरचं कारण नाही. 'पाणी कमी झालं होतं.' यात मोजायची पद्धत महत्त्वाची. सोनोग्राफीत बाळाभोवतीच्या पाण्याच्या चार कप्प्यांच्या मापांची बेरीज घेतली तर पाणी कमी असल्याचं निदान जास्त बायकांमध्ये होतं, सगळ्यांत खोल एका कप्प्याचं माप घेतलं तर कमी बायकांमध्ये, आणि बाळांच्या तब्येतीत दोन्हींत फरक सापडलेला नाही. तरी रिपोर्टवर बेरीजच छापून येते आणि घरचे घाबरतात.

ठोक्यांच्या मशीनचंही तसंच. जोखीम नसलेल्या बाईला सतत पट्टा बांधून ठेवला तर बाळाला झटके येण्याचं प्रमाण घटतं हे खरं, पण ते मुळातच फार कमी असतं. बालमृत्यू आणि मेंदूचा पक्षाघात यांत फरक दिसलेला नाही. सिझर मात्र वाढतं. ठरावीक वेळाने कानाने किंवा हातातल्या छोट्या डॉपलरने ठोके ऐकायला माणूस लागतो. मशीन लावायला माणूस लागत नाही, म्हणून मशीन.

केतकी_लीड्स

इंग्लंडमधून थोडी उलटी बाजू सांगते. इथे एनएचएस ही सरकारी आरोग्यसेवा आहे, डॉक्टरला केसमागे पैसे मिळत नाहीत, निरोगी बाईचं बाळंतपण मिडवाइफच करते. तरीही इंग्लंडमध्ये आता सिझर ४० टक्क्यांच्या वर आहे. वय, वजन, मधुमेह ही कारणं इथेही आहेत, कळा लवकर सुरू करून देण्याचं प्रमाण वाढलंय आणि बाई समजून-उमजून मागत असेल तर सिझर द्यावं असं मार्गदर्शक तत्त्व २०११ पासून आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. श्रूझबरी आणि टेलफर्डच्या रुग्णालयांची ज्येष्ठ मिडवाइफ डोना ऑकेंडेन यांनी चौकशी केली, तिचा अंतिम अहवाल मार्च २०२२ मध्ये आला. कमी सिझर असल्याचा तिथे वर्षानुवर्षं अभिमान बाळगला गेला होता. वेळेवर सिझर न झाल्यामुळे काही बाळं गेली, काही आया गेल्या. त्याआधी फेब्रुवारीतच एनएचएसने रुग्णालयांना कळवलं होतं की सिझरचा टक्का हे कामगिरीचं माप म्हणून वापरणं बंद करा. तेव्हा मास्तरांचा मुद्दा पटला. टक्का खाली आणायचा म्हणून आणला तर बाई मरते.

सायली_नाशिक

माझं पहिलं सिझर झालंय, आता पाचवा महिना चालू आहे. या वेळी नॉर्मलसाठी प्रयत्न करायचाय. दोन ठिकाणी विचारलं, दोन्हीकडे 'एकदा सिझर म्हणजे पुढे सिझरच' म्हणून विषय संपवला. मागच्या डिस्चार्ज कार्डावर फक्त 'एलएससीएस, फीटल डिस्ट्रेस' (म्हणजे सिझर, बाळाला त्रास) आणि बाळाचं वजन आहे. आई म्हणते, जिवाशी खेळ नको. मला खरोखर समजून घ्यायचंय, धोका किती आहे?

डॉ_शुभदा

सायली, 'एकदा सिझर म्हणजे नेहमी सिझर' हे वाक्य १९१६ चं आहे. तेव्हा पिशवीवर उभा छेद घेत. आता बहुतेक वेळा खालच्या भागात आडवा छेद घेतात आणि तो जास्त भक्कम असतो. असा एकच छेद असेल तर प्रयत्न करणाऱ्या शंभरातल्या साधारण ६० ते ८० जणींचं नॉर्मल होतं. जुना टाका उसवण्याचा धोका दोनशेत एकीच्या आसपास. कमी आहे, पण उसवला तर मिनिटांचा खेळ असतो, म्हणून चोवीस तास ओटी, भूलतज्ज्ञ आणि रक्त असलेल्या ठिकाणीच प्रयत्न करायचा. माझ्यासारखीकडे नाही. नाशिकमध्ये अशी ठिकाणं आहेत, शोध.

आधी मागच्या हॉस्पिटलमधून ऑपरेशनची नोंद माग. डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. पोटावरचा टाका आडवा दिसतो म्हणजे आत पिशवीवरही आडवाच छेद असेल असं नसतं, ते फक्त ऑपरेशन नोटमध्ये असतं. त्यात बघ: छेद कोणता, किती थरांत शिवलं, त्या वेळी तोंड किती उघडलं होतं. कागद मागणं हा तुझा हक्क आहे.

आणि आईला हेही सांग, धोका दोन्हीकडे आहे. प्रत्येक सिझरनंतर पुढच्या गरोदरपणात वार जुन्या टाक्यावर रुजण्याची शक्यता वाढते. वार खाली असेल आणि तिसरं सिझर असेल, तर वार पिशवीत घुसण्याचा धोका शंभरात ४० पर्यंत जातो. अशा वेळी पिशवी काढावी लागते, रक्ताच्या पिशव्यांवर पिशव्या लागतात. ज्या देशात ५७ टक्के बायकांना रक्त कमी आहे, तिथे हे विसरून कसं चालेल?

मृण्मयी२२

मी सिझर मागून घेतलं. माझ्या बहिणीला कळांच्या वेळी लेबर रूममध्ये जी भाषा ऐकावी लागली, जशी थोबाडीत मारली गेली, ते सगळं मला माहीत होतं. वेदनाशामक इंजेक्शन आमच्या शहरात कुणी देत नव्हतं. मग मी कशासाठी त्या खोलीत जायचं? सिझर मागणाऱ्यांना 'सहन करायची ताकद नाही' म्हणू नका, एवढंच.

सिस्टर_मंदा

मृण्मयी, तुझं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. मी सरकारी रुग्णालयात लेबर रूमला आहे. भीती हे सिझरचं फार मोठं कारण आहे आणि ती भीती आमच्याच खोल्यांनी तयार केली आहे. बाळंतिणीसोबत घरची एक बाई आत राहू द्यावी असं केंद्राने २०१६ मध्येच सांगितलंय, नंतर सरकारी लेबर रूम सुधारण्याच्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही ते आहे. सोबत कुणी असलं की सिझर कमी होतात हे अभ्यासांतही दिसलंय. तरी किती ठिकाणी आई दाराबाहेर बसलेली असते! जागा नाही, पडदा नाही, एका टेबलाला दुसरं टेबल चिकटलेलं.

आणखी एक बघते. दोन सेंटिमीटरला बाई आली की लगेच भरती, लगेच पाठीवर झोपवायचं, लगेच सलाईनमधून कळांचं औषध. तिला हिंडू-फिरू दिलं, पाणी पिऊ दिलं, कुशीवर वळू दिलं तर निम्मं काम तिचं तीच करते. पण एका सिस्टरकडे एका वेळी पाच-सहा जणी असल्यावर हिंडणाऱ्या बाईवर लक्ष कोण ठेवणार? मला आणखी दोन प्रशिक्षित मुली दिल्या तर फरक करून दाखवीन.

चैत्रगौर

सगळ्यांचे आभार. केतकी आणि मास्तर, तुमच्यामुळे माझं म्हणणं जास्त टोकदार झालं. टक्क्यावर बंधन मला मुळीच नको. मला हवीय ती उघड माहिती. २०१७ मध्ये मुंबईतल्या एका बाईने ऑनलाइन याचिका केली होती की रुग्णालयांना आपले सिझरचे आकडे जाहीर करायला लावा. तेव्हाच्या महिला व बालविकास मंत्री मेनका गांधी यांनी ती उचलून धरली आणि सीजीएचएसच्या (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या) यादीतल्या रुग्णालयांना आकडे लावायला सांगितलं गेलं. पण आमच्या आजूबाजूला असा फलक मला तरी कुठे दिसलेला नाही. शिवाय नुसत्या एकूण आकड्याने गुंतागुंतीच्या केसेस घेणारं चांगलं रुग्णालयच बदनाम होईल.

म्हणून गटवार तक्ता. पहिलटकरणी किती, त्यांत सिझर किती. आधीचं सिझर असलेल्या किती, त्यांत नॉर्मल किती. सोबत किती बाळं आणि आया गमावल्या तेही, म्हणजे कुणी टक्का कमी दाखवण्यासाठी जिवाशी खेळणार नाही. भूलतज्ज्ञ नसल्यामुळे पुढे पाठवलेल्या बायकांचाही रकाना हवा. मास्तरांच्या बायका त्या रकान्यात दिसतील, नाहीतर त्या कुठेच मोजल्या जात नाहीत.

शुभदाताई, तुमच्यासारख्या छोट्या हॉस्पिटलला हे जमेल का?

डॉ_शुभदा

जमेल. वर्षाची बाळंतपणं काही हजारांत नाहीत, त्यामुळे एखाद्या गटात आकडा छोटा असेल आणि टक्के वरखाली उड्या मारतील, तेवढं वाचणाऱ्यांनी समजून घ्यावं. या महिन्यापासून तक्ता भरायला घेते. वेटिंग रूममध्ये लावते, लोकांना काय विचारायचं ते विचारू देत.

मंदाताई, आमच्या रजिस्टरला गटाचा रकानाच नाही. तुमच्याकडे प्रत्येक बाळंतपणाला काय काय नोंदवता?

सिस्टर_मंदा

डॉक्टर, सहा गोष्टी लिहिल्या की गट आपोआप पडतो: कितवं बाळंतपण, आधीचं सिझर आहे का, बाळ एक की जुळं, डोकं खाली, पायाळू की आडवं, आठवडे किती भरले, आणि कळा आपोआप, औषधाने की कळांआधीच सिझर. ही नोंद भरती करतानाच घ्या, बाळंतपणानंतर लिहायला गेलं की 'औषधाने' आणि 'आपोआप' यांत हमखास घोळ होतो. आमच्या कागदाचा फोटो तुम्हाला व्यक्तिगत निरोपातून पाठवते, त्यात रुग्णांची नावं झाकून.